घंटेने वाटलेला दिवस

मोहोपाड्याची बाजारपेठ सूर्यापेक्षा कारखान्यांच्या पाळ्यांवर अधिक चालते. पाळी सुटायच्या सुमारास वडापावच्या गाडीवरची कढई तापलेली असते, रिक्षा रांगेत लागलेल्या असतात. रात्रपाळी करून आलेला माणूस पडदे ओढून झोपलेला असतो आणि त्याच्या घरातली पोरे भरदिवसा दबक्या आवाजात बोलत असतात. पाताळगंगेच्या खोऱ्यात हे जगणे फार जुने नाही. १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सची स्थापना झाली, रसायनी हे नाव रूढ झाले, आणि भातशेतीवर, पावसावर चालणारा इथला दिवस पाळ्यांमध्ये वाटला गेला. २०१७ साली केंद्र सरकारने त्या कारखान्याचा बहुतेक भाग बंद करण्याचा निर्णय घेतला, तरी आसपासच्या कारखान्यांनी दिवसाची ती वाटणी टिकवून धरली आहे. चोवीस तासांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला इशारा ठेवायचा, आणि इशारा झाला की हातातले काम सोडून सगळ्यांनी एकाच वेळी एकाच जागी जायचे, ही शिस्त कारखान्यांनी शोधलेली नाही. लुईस मम्फर्ड या अमेरिकन अभ्यासकाने १९३४ साली यंत्रसंस्कृतीच्या इतिहासात ठासून मांडले की तिचे मूळ कॅथलिक मठांत, प्रार्थनेसाठी होणाऱ्या घंटेत आहे. मम्फर्डचे म्हणणे यंत्रांपुरते होते. मला ओढ आहे ती त्या घंटेच्या मागे असलेल्या प्रार्थनेची. ती कुठून निघाली, कोणाकोणाच्या हातांतून गेली आणि आपल्या कोकणात कोणत्या वाटेने उतरली, हे आपण सावकाश पाहू.

सुरुवात ख्रिस्ती धर्माच्याही आधीची आहे. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी ११९ व्या स्तोत्रात भक्त म्हणतो की तो दिवसातून सात वेळा देवाची स्तुती करतो. बायबलमधला संदेष्टा दानिएल यरुशलेमकडची खिडकी उघडून दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी यहुदी परंपरेतून ही स्तोत्रे आणि ठरलेल्या वेळा, दोन्ही उचलल्या. मात्र या वेळांचा दिनक्रम झाला तो इजिप्तच्या वाळवंटात. संत अँथनी तिथे एकट्याने राहिला. त्याच्यानंतर पाखोमियस याने सुमारे ३२० साली नाईलकाठी ताबेन्निसी येथे अनेकांना एका कुंपणात आणले. एकत्र राहायचे म्हटले की प्रश्न उभा राहतो, प्रार्थना किती करायची? यावर पलाडियस या इतिहासकाराने नोंदवलेली एक कथा आहे. देवदूताने पाखोमियसला नियम दिला : दिवसा बारा प्रार्थना, दिवेलागणीला बारा, रात्रीच्या जागरणात बारा. पाखोमियस म्हणाला, हे तर फारच थोडे झाले. देवदूत उत्तरला की दुबळ्यालाही पार पाडता यावे म्हणूनच एवढे ठरवले आहे. जे पूर्णत्वाला पोचले त्यांना नियमाची गरजच नाही. या साऱ्या इतिहासात मला ही कथा सर्वांत मोलाची वाटते, कारण पुढच्या सोळाशे वर्षांत हा दिनक्रम जितक्या वेळा नवा घडला तितक्या वेळा तो कोणा ना कोणा दुबळ्यासाठी, नवख्यासाठी, निरक्षरासाठी किंवा कामात अडकलेल्यासाठी घडला.

वाळवंटातली ही रीत जॉन कॅसियनने पाचव्या शतकाच्या आरंभी मार्सेलला नेली, आणि तिथून ती बेनेडिक्टच्या हाती आली. इटलीतल्या नुर्सिया गावचा हा बेनेडिक्ट. सुमारे ५२९ साली त्याने मोन्ते कासिनोच्या डोंगरावर मठ उभारला आणि ७३ लहान प्रकरणांची एक नियमावली लिहिली. तिच्यातली आठव्यापासून पुढची दहा-अकरा प्रकरणे केवळ प्रार्थनेच्या वेळा आणि स्तोत्रांची वाटणी यांसाठी खर्ची पडली आहेत. दीडशे स्तोत्रे एका आठवड्यात पुरी व्हावीत, हे त्याचे माप. आमचे पूर्वज एवढी स्तोत्रे एका दिवसात म्हणत, आम्हा मंदोत्साहींना निदान आठवड्यात तरी जमावीत, अशी कबुली तो स्वतःच देतो. म्हणजे ज्याला आज आपण कडक मठजीवनाचा आदर्श मानतो, तो त्याच्या कर्त्याच्या दृष्टीने एक सवलत होती.

या नियमावलीतला हिवाळ्याचा एक दिवस जवळून पाहू. रात्रीचा आठवा होरा उलटला, म्हणजे मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास, की सगळे उठत. ते अंगावरच्या कपड्यांनिशी, कंबरेला पट्टा बांधूनच झोपत असल्याने उठायला वेळ लागत नसे. पट्ट्याची सुरी मात्र झोपताना काढून ठेवायची, नाहीतर झोपेत लागेल, इतका बारकावा बेनेडिक्टने लिहून ठेवला आहे. झोपाळूंना सबब मिळू नये म्हणून उठताना एकमेकांना हळुवार हाक द्यावी, असेही तो सांगतो. आधी रात्रीची दीर्घ प्रार्थना, मग उजाडताना पहाटेची स्तुती म्हणजे लॉड्स, त्यानंतर दिवसाच्या पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या होऱ्याला प्राइम, टर्स, सेक्स्ट आणि नोन या चार छोट्या प्रार्थना, सायंकाळी व्हेस्पर्स, निजण्यापूर्वी कॉम्प्लिन, आणि कॉम्प्लिननंतर सकाळपर्यंत मौन. मधल्या वेळात शेतीचे, स्वयंपाकघराचे, हस्तकलेचे काम आणि ठरलेले तास वाचन. जेवताना कोणी बोलायचे नाही. एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार, आणि पाणी-भाकर हवी असेल तर खुणेने मागायची. प्रार्थनेची हाक ऐकू येताच हातातले काम टाकून निघायचे, देवाच्या या कामापुढे दुसरे काहीही ठेवायचे नाही. पण पन्नासाव्या प्रकरणात एक आडवाट आहे : जे भाऊ दूर शेतावर आहेत आणि वेळेवर पोचू शकत नाहीत, त्यांनी जिथे आहेत तिथेच गुडघे टेकावेत. वेळ सगळ्यांची एक, जागा मात्र कामाप्रमाणे. या एका वाक्याने पुढे मठाच्या भिंतीबाहेर किती माणसे आत घेतली, हे बेनेडिक्टच्या कल्पनेतही नसेल.

तेव्हाचे होरे आजच्या तासांसारखे सारख्या लांबीचे नव्हते. सूर्योदय ते सूर्यास्त यांचे बारा भाग करत, त्यामुळे उन्हाळ्यातला होरा लांब आणि हिवाळ्यातला आखूड. वेळ सांगणे ही मठाधिपतीची जबाबदारी. तारे, पाण्याचे घटीपात्र, जळणारी मेणबत्ती यांवर तो अंदाज बांधे आणि घंटा होई. तेराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजनाच्या ओढीवर चालणारे यांत्रिक घड्याळ आले आणि मठांनी, कॅथीड्रलांनी ते सर्वांआधी उचलले, कारण रात्री कोणीतरी जागे राहून वेळ मोजण्याची खरी गरज त्यांनाच होती. इंग्लंडमधल्या सॉल्झबरी कॅथीड्रलातले १३८६ च्या सुमाराचे घड्याळ आजही दाखवतात; त्याला तबकडी नाही, ते फक्त घंटा वाजवण्यासाठी केलेले होते. यंत्राला ऋतू कळत नाहीत. होरे सारख्या लांबीचे झाले, शहरांनी मनोऱ्यांवर घड्याळे चढवली, बाजार आणि मजुरी त्यांच्यावर चालू लागली, आणि मम्फर्डने दाखवलेली वाट कारखान्याकडे वळली. तिला तिकडे जाऊ देऊन आपण प्रार्थनेच्या वाटेवर परत येऊ.

तेरावे शतक या वाटेवरचे मोठे वळण आहे. फ्रान्सिस आणि डॉमिनिक यांचे अनुयायी मठात बसून राहणारे नव्हते. ते शहराशहरांतून, रस्त्यांवरून हिंडत. मठाच्या गायनपीठापुढे उघडून ठेवलेले अवजड ग्रंथ त्यांना खांद्यावर घेऊन फिरणे अशक्य होते. पोपच्या दरबारात तेव्हा स्तोत्रे, वाचने आणि प्रार्थना एकाच पुस्तकात आटोपशीर बसवलेला ब्रेव्हिअरी हा संग्रह वापरात होता. फ्रान्सिस्कनांनी तो उचलला आणि आपल्याबरोबर जगभर नेला. ज्यांना लॅटिन वाचता येत नव्हते अशा साध्या बंधूंसाठी १२२३ च्या नियमात फ्रान्सिसने वेगळा हिशेब घालून दिला : रात्रीच्या प्रार्थनेला ख्रिस्ताने शिकवलेली प्रभूची प्रार्थना चोवीस वेळा, पहाटे पाच वेळा, दिवसाच्या चारही छोट्या वेळांना सात-सात वेळा, सायंकाळी बारा वेळा, निजताना सात वेळा. बेरीज शहात्तर. पुस्तक नसले तरी बोटे आहेत, असा हा विचार.

हे भटके भिक्षू आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या पावणेदोनशे वर्षे आधी उतरले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. १३२१ च्या एप्रिलमध्ये ठाण्यात तोलेंतीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर हे फ्रान्सिस्कन आणि तिफ्लिसचा देमेत्रियस हा त्यांचा सोबती मारले गेले. चीनच्या वाटेवर असताना ते ठाण्यात तिथल्या नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांकडे उतरले होते. त्यांच्या बरोबरचा डॉमिनिकन जॉर्डन त्या वेळी गुजरातच्या वाटेवर होता म्हणून वाचला. परत येऊन त्याने मृतदेह सोपाऱ्याला पुरले. काही काळाने पोर्देनोनेचा ओदोरिक आला आणि त्यांच्या अस्थी उकरून समुद्रमार्गे चीनला घेऊन गेला. ठाण्याच्या त्या घरात या चौघांनी ज्या थोड्या रात्री काढल्या असतील, त्या रात्रींत लॉड्स आणि कॉम्प्लिन खाडीच्या काठी म्हटले गेले असणार. इथे मात्र काही रुजले नाही; सामूहिक मठजीवन या किनाऱ्यावर यायला अजून दोनशे वर्षे होती.

ते आले राजसत्तेचा हात धरून, आणि त्याची किंमतही त्याने चुकवली. गोव्यात फ्रान्सिस्कन सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्थिरावले, डॉमिनिकन १५४८ साली आले, ऑगस्टिनियन १५७२ साली. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेल्यावर किल्ल्याच्या तटात एकेका संघाचा मठ उभा राहिला. आपल्या रायगड जिल्ह्यात चौल-रेवदंड्याला तेच घडले. रेवदंड्याच्या नारळी-पोफळीतून चालताना सातखणी म्हणून जो उंच पडका मनोरा लागतो तो सेंट बार्बारा या फ्रान्सिस्कन चर्चचा. त्याच्या पायथ्याच्या मठात हाच आठ वेळांचा दिनक्रम लॅटिनमध्ये चाले. बोरिवलीच्या मंडपेश्वरला अंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कनाने शैव लेण्याचेच चॅपेल केले आणि वरच्या बाजूला मठ व विद्यालय बांधले. दुसऱ्याचा देव हलवून तिथे स्तोत्रे गायली गेली, हे सत्य आहे, आणि प्रार्थनेच्या या इतिहासावर प्रेम करणाऱ्याने तर ते आधी सांगितले पाहिजे. मंडपेश्वरची लेणी पुढे मराठ्यांच्या काळात पुन्हा शिवाची झाली.

याच वसईत सुमारे १५५७ साली गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइटांकडे शिकला, जपानला गेला, मकावला व्यापार केला, आणि अखेर मनिलात फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. म्हणजे त्याच्या वाट्याला आली ती ब्रेव्हिअरी नव्हे, तर बोटांवर मोजायची शहात्तराची प्रार्थना. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर मारले गेले आणि १८६२ साली चर्चने त्याला संतपद दिले. कोकणच्या या पहिल्या कॅथलिक संताचा दिनक्रम निरक्षरांसाठी आखलेला होता, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

स्त्रियांचे मठ मात्र उशिरा आले. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठाची पायाभरणी १६०६ साली आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस याने केली. तो स्वतः ऑगस्टिनियन होता. पूर्वेकडच्या पोर्तुगीज मुलखातला हा स्त्रियांचा पहिला मठ. १६२७ साली इमारत पुरी झाली, १६३६ साली आगीत होरपळली, लगेच पुन्हा बांधली गेली. ट्रेंटच्या धर्मसभेने घातलेल्या निर्बंधांप्रमाणे आत गेलेली स्त्री पुन्हा बाहेर येत नसे. जाळीआडून बोलायचे, जाळीआडूनच कम्युनियन घ्यायचे. काळ्या पडद्याच्या भगिनी गायनपीठात उभ्या राहून लॅटिन प्रार्थना गात आणि त्यांच्या संगीताची ख्याती भिंतीबाहेर होती. पांढऱ्या पडद्याच्या भगिनींकडे चूल, धुणे, आजाऱ्यांची सेवा आणि मोजून म्हणायच्या प्रार्थना. पडद्याचा रंग पुष्कळदा जन्म आणि हुंडा यांवर ठरे. सवलतीचीच इथे उतरंड झाली होती. त्या जाड भिंतींच्या, आधारखांबांनी सावरलेल्या इमारतीत आज ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. आतल्या चर्चच्या मागच्या बाजूला गायनपीठाची जागा पाहता येते. शब्द न कळता केवळ स्वरांचा ताबा घेऊन अडीचशे वर्षे तिथे दिवस आणि रात्र राखली गेली.

दुसरीकडे जेझुइटांनी हा दिनक्रम मुळापासून हलवला होता. १५४० साली मान्यता मिळालेल्या या संघासाठी इग्नेशियसने गायनपीठातली सामूहिक प्रार्थनाच काढून टाकली. प्रत्येकाने आपली ब्रेव्हिअरी आपण वाचायची, म्हणजे शिकवायला, प्रवासाला, आजाऱ्याच्या उशाशी जायला मोकळे राहता येते. त्या काळी अनेकांना हे भयंकर वाटले. गाणे नाही तर संघ कसला? पण या मोकळिकीनेच २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरलेल्या इंग्रज थॉमस स्टीफन्सला साष्टीच्या गावांतून चाळीस वर्षे हिंडता आले, इथली भाषा मुरवता आली, आणि १६१६ साली राशोलला ख्रिस्तपुराण छापता आले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे हे काव्य रविवारी आणि सणावारी दुपारी चर्चमध्ये गायले जाई. मठातली स्तोत्रे लॅटिनमध्ये अडकली होती. ओवी मात्र जात्यावर बसणाऱ्या बाईच्या तोंडची. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले गेले, मग १६८४ च्या फर्मानाने देशी भाषांवर गंडांतर आले, आणि हाताने उतरवलेल्या पोथ्यांनी त्याला जगवले.

सामान्य घरांत मात्र आणखी एक गोष्ट पोचली होती. मठात १५० स्तोत्रे, तर निरक्षर माणसाने १५० वेळा नमो मरिये म्हणावे, या हिशेबातून रोझरी घडली. १५६९ साली पोप पाचव्या पायसने तिचे रूप निश्चित केले. तिचा एक तृतीयांश भाग म्हणजे पन्नास मण्यांची तेर्स गोव्यात दिवेलागणीला घरोघर म्हणतात, आणि सकाळ, दुपार, संध्याकाळच्या तीन घंटांना होणारी आंजेलुसची प्रार्थना ही मठाच्या आठ वेळांची गावासाठी केलेली लहान आवृत्ती होय. वसईच्या बागायतीत पाटाला पाणी सोडलेला शेतकरी घंटा ऐकून क्षणभर थांबे, तो बेनेडिक्टच्या पन्नासाव्या प्रकरणातलाच शेतावरचा भाऊ होता, त्याला ठाऊक असो वा नसो.

मग १७३९ उजाडले. चिमाजी अप्पांच्या फौजेने दीर्घ आणि रक्तरंजित वेढ्यानंतर मे महिन्यात वसई घेतली; पुढच्या वर्षी चौलही गेले. मठ रिकामे झाले, आणि घंटांना वेगळे आयुष्य मिळाले. मराठा सरदारांनी त्या विजयाची खूण म्हणून देशावर नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकला गोदाकाठी १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा १७२१ ची, तिच्यावर पोर्तुगीज अक्षरे आहेत. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरिया आणि १७०७ हे साल कोरलेले आहे. आपल्या कर्जतच्या माथ्यावर भीमाशंकरच्या आवारात, शनिमंदिरापाशी टांगलेली घंटा त्याच लुटीतली. खांडसवरून गणेश घाटाने किंवा शिडी घाटाने चढणारा वाटसरू घामाने निथळत वर पोचतो, ती घंटा वाजवतो आणि ज्योतिर्लिंगापुढे उभा राहतो. ओतणाऱ्याने ती एका हाकेसाठी ओतली, पुढे ती दुसऱ्या हाकेला लागली. धातूला अपमान वाटला असेल असे मला वाटत नाही. मंडपेश्वरच्या लेण्याची आणि भीमाशंकरच्या घंटेची कहाणी शेजारी ठेवून वाचली म्हणजे या किनाऱ्याचा हिशेब एकतर्फी उरत नाही. वसईच्या ख्रिस्ती गावांनी मात्र मठांशिवायही रोझरी सोडली नाही.

गोव्यातल्या मठांवर घाव पडला तो त्यांच्याच राजाकडून. १७५९ साली जेझुइटांची हकालपट्टी झाली होती. ३० मे १८३४ रोजी पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारने सगळेच पुरुष-संघ बरखास्त केले आणि पुढच्या वर्षी गोव्यातले मठ ओस पडले. स्त्रियांच्या मठांत नव्या दाखल्यांना बंदी झाली, म्हणजे सांता मोनिकाला तिथल्या शेवटच्या भगिनीच्या मरणाची वाट पाहत ठेवले गेले. ती एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात वारली. ऑगस्टिनियनांच्या ओस पडलेल्या चर्चचे छप्पर १८४२ साली कोसळले. त्याचा सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोरा अर्धा उभा राहिला. तिथली थोरली घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ साली पणजीच्या चर्चवर चढली. याच सुमारास फ्रान्समध्ये उलटी हवा होती : १८३३ साली गेरांजे याने सोलेमचा ओस पडलेला बेनेडिक्टाईन मठ पुन्हा वसवला, आणि ग्रेगोरियन गायनाच्या जुन्या पोथ्या तिथे नव्याने वाचल्या जाऊ लागल्या.

आपल्याकडे मात्र पुनरुज्जीवन आले ते शाळा आणि दवाखाना हातात घेऊन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबई-पुण्यात दाखल झालेल्या भगिनींचे संघ मठाच्या जाळीआड राहणारे नव्हते. दहा वाजता वर्गावर किंवा वॉर्डात उभे राहायचे असेल तर आठ वेळांची लॅटिन प्रार्थना जमणार कशी? अशा पुष्कळ संघांनी मरियेची छोटी प्रार्थना आणि रोझरी स्वीकारली, पहाटेचे ध्यान, मिस्सा, दुपारची आत्मपरीक्षा आणि रात्रीचे मौन यांवर दिवस उभारला. चर्चने या कामकरी भगिनींना खऱ्या अर्थाने व्रतस्थ म्हणून मान्यता द्यायला डिसेंबर १९०० उजाडावा लागला. मुंबईतच १९४२ साली अॅना हुबर्टा रोगेनडॉर्फ या जर्मन भगिनीने अंधेरीत हेल्पर्स ऑफ मेरी हा नवा संघ उभारला. अनाथ मुले आणि कुष्ठरोगी हे त्यांच्या दिवसाचे केंद्र.

पुण्यात एक निराळा प्रयोग झाला. जॅक विन्स्लो हा अँग्लिकन, म्हणजे कॅथलिक नव्हे. पण नारायण वामन टिळकांच्या सहवासाने भारावलेला. त्याने १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला आणि १९२७ साली शिवाजीनगरला आश्रम वसवला. खादी, जमिनीवरचे जेवण, मराठी भजने आणि त्यांच्या जोडीला मठाची वेळापत्रकी प्रार्थना. यातल्या एका बंधूमार्फत ही प्रेरणा इंग्लंडला परतली आणि १९३७ साली तिथे अँग्लिकन फ्रान्सिस्कन संघ आकाराला येण्यात तिचा वाटा होता. सहाशे वर्षांपूर्वी ठाण्यात संपलेली फ्रान्सिसची वाट अशी पुण्याहून पश्चिमेला गेली. ओस पडलेला तो आश्रम १९७२ साली कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनींनी एकत्र राहून पुन्हा सुरू केला, ही माझ्या मते मराठी मुलखातल्या मठजीवनाची सर्वांत धाडसी घटना.

मधल्या काळात रोममध्ये मोठा फेरफार झाला होता. पाचव्या पायसची १५६८ ची ब्रेव्हिअरी दहाव्या पायसने १९११ साली नव्याने मांडली. पण खरा पालट ४ डिसेंबर १९६३ च्या व्हॅटिकन धर्मसभेच्या निर्णयाने आला. प्राइम काढून टाकले गेले. लॉड्स आणि व्हेस्पर्स हे दिवसाचे दोन आधार ठरले. लोकभाषा आत आली. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये सहाव्या पॉलने नवी मांडणी जाहीर केली आणि बेनेडिक्टची एका आठवड्याची स्तोत्रे चार आठवड्यांत पसरली. चौदा शतकांपूर्वी दिवसाची आठवड्यात सवलत झाली होती, आता आठवड्याची महिन्यात झाली. पांढऱ्या आणि काळ्या पडद्यांचा भेदही याच काळात मिटला : भाकरी भाजणारी आणि मुख्याध्यापिका एकाच पुस्तकातून, एकाच ओळीत बसून म्हणू लागल्या. मराठीत स्तोत्रे कानाला सुखद लागावीत यासाठीही कष्ट घेतले गेले. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या सुबोध बायबलला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि स्तोत्रसंहिता अनेक मराठी वाचकांना प्रथमच आपल्या बोलीच्या जवळची वाटली.

रायगड जिल्हा आज मुंबईच्या आर्चडायोसिसमध्ये मोडतो, आणि कारखान्यांमागून आलेल्या मंगळूर, गोवा, केरळ, वसईच्या कॅथलिक कुटुंबांची वस्ती पनवेल-खोपोली पट्ट्यात पसरलेली आहे. शाळा चालवणाऱ्या भगिनींचा दिवस पहाटे साडेपाचच्या आसपास सुरू होतो : ध्यान, लॉड्स, मिस्सा, न्याहारी, मग शाळेची घंटा, संध्याकाळी रोझरी आणि व्हेस्पर्स, निजण्यापूर्वी कॉम्प्लिन. मधली टर्स, सेक्स्ट, नोन या तिन्ही म्हणण्याची सक्ती गायनपीठ नसलेल्यांवर उरलेली नाही; तिघींपैकी वेळेला जी जुळेल ती एक म्हणावी, अशी मुभा आहे. त्याच १९६३ च्या निर्णयात सामान्य भाविकांनाही ही प्रार्थना म्हणण्याचे आवाहन आहे, धर्मगुरूंबरोबर, आपसात जमून किंवा एकट्याने. दुसऱ्या पाळीला निघालेल्या कामगाराने कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर नोन उघडली, तर नियमाप्रमाणे ती पुरी धरली जाते.